सांगलीची खासियत, तीन अक्षरी!

रविवारी साताऱ्याहून सांगलीला निघालो होतो. एसटीत पुरवणीतलं शब्दकोडं काढलं. आडवी सूचना: 'सांगलीची खासियत, तीन अक्षरं.' मी पेनानंच लिहिलं, हळद.

शेजारचे काका डोकावले. "भडंग पण असंल की ओ! आधी उभा शब्द बघा."

शेवटच्या घरातून खाली उतरणारी सूचना होती, 'डोंगरी किल्ला, दोन अक्षरं'. गड! म्हणजे तिसऱ्या घरात 'ग'. हळद खोडली, भडंग चपखल बसलं.

नव्यानं सोडवणाऱ्यांसाठी: मराठी कोड्यात एका घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरासकट. 'अजिंक्यतारा' पाचच घरांत मावतो: अ-जिं-क्य-ता-रा. इंग्रजीत त्यालाच अकरा घरं लागतात! मात्र 'द' आणि 'दी' वेगळे. एक वेलांटी चुकली की उभं-आडवं जुळत नाही.

आधुनिक शब्दकोड्याचा जन्मही रविवारचाच. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या पुरवणीत आर्थर विन यांचं कोडं छापून आलं.

माझा धडा: आधी छोटे शब्द, आणि हातात पेन्सिल!

तुमचं कुठं अडलंय? विचारा, मिळून सोडवू.