विजेच्या दिव्यांची बोट, जी मुंबईला पोहोचलीच नाही!

समुद्रात जहाज गायब झालं म्हटलं की तुम्हाला आधी बर्म्युडा ट्रँगल आठवतो, हो ना? पण असंच एक जहाज आपल्या अरबी समुद्रातही नाहीसं झालं होतं, तेही मुंबईला येताना. टायटॅनिक बुडण्याच्या तब्बल २४ वर्षं आधी!

या आगबोटीचं नाव होतं 'वैतरणा'. पालघरमधून वाहणाऱ्या आपल्या नदीचं नावही तेच. गुजरातमध्ये मात्र लोक तिला 'वीजळी' म्हणायचे, कारण बोटीवर विजेचे दिवे होते. घरोघरी कंदील मिणमिणत असतानाच्या त्या काळात, रात्रीच्या काळ्या समुद्रात ती कशी दिसत असेल, कल्पना करा.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी 'वैतरणा' कच्छच्या मांडवी बंदरातून मुंबईकडे निघाली. द्वारकेला आणखी प्रवासी चढले. बोटीत लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकची परीक्षा द्यायला निघालेली मुलंही होती. पोरबंदरजवळ हवामान बिघडलं, म्हणून बोट तिथे न थांबता पुढे गेली. त्यानंतर ती मुंबईला आलीच नाही. ७०० हून जास्त माणसं तिच्यासोबत गेली. लोकांच्या तोंडी तर हा आकडा १३०० पर्यंत जातो. शोधायला बोटी पाठवल्या, पण काहीच हाती लागलं नाही.

मग झालं काय? नावावरून काहींना नरकातली वैतरणी नदी आठवते आणि शापाच्या गोष्टी सुरू होतात. त्या सोडून द्या. खरं उत्तर हवामानात आहे. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळं उठतात आणि 'वैतरणा' नेमकी अशाच वादळात सापडली. आज मोबाइलवर आपल्याला दोन-तीन दिवस आधी इशारा मिळतो. तेव्हा जहाजांवर वायरलेससुद्धा नव्हता. एकदा बंदर सोडलं की ना कुणाला हाक मारता येई, ना कुणाची हाक ऐकू येई.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. बोटीवर जीवनरक्षक होड्या आणि लाइफ जॅकेट पुरेशी नव्हती. मला तर वादळापेक्षा हेच जास्त खटकतं. वादळ कोण अडवणार? पण होड्या तर ठेवता आल्या असत्या! आणि २४ वर्षांनी टायटॅनिकवरही होड्या कमीच होत्या.

पोरबंदरच्या इंग्रज अधिकाऱ्याने 'पुढे जाऊ नका' असं बजावलं होतं, अशी आख्यायिका आहे. नंतरच्या अभ्यासात मात्र तिला आधार मिळाला नाही.

गुजराती लोकगीतांत ही बोट अजून जिवंत आहे. त्यात नाव येतं हाजी कासमचं. लोक त्याला कप्तान मानतात, तर काही अभ्यासक म्हणतात की तो फक्त तिकिटांचा एजंट होता. तुमच्या ओळखीत सौराष्ट्रातलं कुणी असेल तर विचारून बघा, 'हाजी कासमची वीजळी' म्हटलं की आजी-आजोबा लगेच गाणं म्हणायला लागतील.