ताप आलाय? आधी सांगा, कुठे जाऊन आलात

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा लोकलमध्ये रेंज गेली आणि एपिसोड अर्धाच राहिला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे' बरेचसे काढलेत, सगळे नाही.

आजचा विषय आमच्या ऑफिसातून आला. टीममधल्या एकाला गो-लाइव्हसाठी लागोसला, म्हणजे नायजेरियाला जायचं होतं. व्हिसा झाला, तिकीट झालं, यलो फीव्हरची लस झाली. मग प्रश्न आला मलेरियाच्या गोळ्यांचा. त्याचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडे पण मलेरिया आहेच की, मच्छरदाणी वापर म्हणजे झालं." ट्रॅव्हल क्लिनिकमधल्या डॉक्टर म्हणाल्या, "गोळ्या घ्यायच्याच." दोघंही शिकलेले, दोघंही अनुभवी, आणि उत्तरं अगदी उलटी. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हे डॉक्टरांना नेमकं शिकवतं कोण आणि कुठे?

उत्तर आधी सांगून टाकते. क्लिनिकवाल्या डॉक्टर बरोबर होत्या. मुंबई-पुण्यात जो मलेरिया दिसतो त्यात व्हायव्हॅक्स जातीचा वाटा मोठा असतो. नायजेरियात फाल्सिपॅरमचं राज्य आहे, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर काही दिवसांत जीव घेणारा प्रकार तो हाच. जगातल्या मलेरियाच्या एकूण रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या नायजेरियात असतो. नाव एकच असलं तरी धोका वेगळा. हा फरक शिकवणारी एक वेगळी शाखाच आहे, उष्णकटिबंधीय आणि प्रवासी वैद्यक. नाव जड आहे, मी पुढे ट्रॉपिकल मेडिसिनच म्हणेन.

हे शिक्षण नसलं तर काय होतं, याचं माझ्या पेशाला सगळ्यात जवळचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सप्टेंबर २०१४. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ जोरात होती. लायबेरियाहून थॉमस एरिक डंकन नावाचे गृहस्थ टेक्सासमधल्या डॅलसला आले. २५ तारखेला रात्री ताप आणि पोटदुखी घेऊन ते रुग्णालयाच्या इमर्जन्सीत गेले. आपण आफ्रिकेतून आलोय हे त्यांनी नर्सला सांगितलं. नर्सने ते नोंदवलंही. तरी त्यांना अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं गेलं. २८ तारखेला ते अँब्युलन्समधून परत आले, ३० तारखेला इबोला असल्याचं नक्की झालं आणि ८ ऑक्टोबरला ते गेले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली; त्या दोघी बऱ्या झाल्या.

आता इंजिनिअर मंडळींनी कान टवकारा. रुग्णालयाने आधी जाहीर केलं की नर्सची नोंद डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसतच नव्हती, दोष सॉफ्टवेअरचा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हे मागे घेतलं: माहिती डॉक्टरांनाही उपलब्ध होती. डेटाबेसमध्ये ओळ होती, स्क्रीनवरही येत होती. पण 'लायबेरिया' हा शब्द आणि समोरचा ताप यांची गाठ घालायची सवय त्या क्षणी कामाला आली नाही. ही सवय लावणं हेच ट्रॉपिकल मेडिसिनच्या प्रशिक्षणाचं निम्मं काम आहे.

थोडा इतिहास, कारण त्यात आपला हात आहे. या विषयाची पहिली शाळा १८९८ मध्ये निघाली ती लिव्हरपूलला. दुसऱ्या वर्षी लंडनला. दोन्ही बंदरं. जहाजांवरून खलाशी, व्यापारी आणि साम्राज्याचे अधिकारी ताप घेऊन परतायचे आणि इंग्लंडमध्ये शिकलेल्या डॉक्टरला तो ताप ओळखता यायचा नाही. या शाळा गोऱ्या साहेबांना वसाहतीत जिवंत ठेवायला काढल्या होत्या, आपल्या गावकऱ्यांसाठी नव्हेत. हे स्पष्ट बोललेलं बरं. लंडनच्या शाळेमागचे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन. हत्तीरोगाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे त्यांनी चीनमध्ये असताना दाखवलं होतं. मलेरियाचंही असंच असेल, असं त्यांनी भारतात नोकरीला असलेल्या रोनाल्ड रॉस यांच्या मनावर बिंबवलं. रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, पुढे ते लिव्हरपूलच्या शाळेत शिकवायला गेले आणि १९०२ चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे गुरूने पत्रांतून दिशा द्यायची आणि शिष्याने हजारो मैलांवर डास चिरत बसायचं. रिमोट वर्क आपण शोधलं असं कोणी समजू नये.

भारतात लिओनार्ड रॉजर्स यांच्या खटपटीने कोलकात्याला स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन उभं राहिलं. ते आजही सुरू आहे.

बरं, शिकवतात काय? मला वाटलं होतं रोगांची लांबलचक यादी पाठ करून घेत असतील. ते आहेच, पण खरा वेळ जातो मायक्रोस्कोपपाशी. मलेरियासाठी रक्ताचे दोन नमुने काचेवर घेतात. एक जाड थेंब, त्यात जास्त रक्त मावतं म्हणून जंतू आहे की नाही ते कळतं. दुसरा पातळ पसरवलेला, त्यात पेशी सुट्या दिसतात म्हणून कुठल्या जातीचा जंतू ते कळतं. फाल्सिपॅरमची अंगठी नाजूक, कधी एकाच पेशीत दोन-दोन, आणि त्याची एक अवस्था चक्क केळ्यासारखी वाकडी. व्हायव्हॅक्स असेल तर लाल पेशी फुगलेली दिसते. हे पुस्तकातल्या चित्रावरून येत नाही. शेकडो काचा बघाव्या लागतात, त्यात निगेटिव्ह काचाही, कारण रंगाचा डाग आणि जंतू यातला फरक चुकत-चुकतच कळतो.

"पण आता किट आहेत ना?" हा प्रश्न मलाही पडला. रॅपिड किट आहेत आणि खेड्यापाड्यात त्यांनी फार मोठं काम केलंय. पण फाल्सिपॅरमची बहुतेक किट जंतूचं एक ठरावीक प्रथिन शोधतात, आणि ते प्रथिन बनवणारं जनुकच गमावलेले जंतू आता सापडतात. इरिट्रियात ते इतके वाढले की तिथे किट बदलावी लागली. ज्याला काच वाचता येते त्याला अशा वेळी दुसरा डोळा असतो.

मायक्रोस्कोपनंतर माझा आवडता भाग, तारखांचं गणित. प्रत्येक जंतूला शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत ठरावीक अवधी लागतो. डेंग्यूला साधारण ४ ते १० दिवस. यलो फीव्हरला ३ ते ६. इबोलाला २ ते २१. फाल्सिपॅरम मलेरिया ७ दिवसांच्या आत सहसा येत नाही, बहुतेक वेळा महिन्याभरात येतो. व्हायव्हॅक्सचा जंतू मात्र यकृतात दडून बसतो आणि कित्येक महिन्यांनी उठतो. त्यामुळे परतल्यावर तीन आठवड्यांनी पहिल्यांदा ताप आला, तर डेंग्यूवर जवळजवळ काट मारता येते. एकही तपासणी न करता, फक्त दोन तारखा विचारून! लॉगमधले टाइमस्टॅम्प बघून आपण बग कुठे नाही हे जसं आधी ठरवतो, तसंच.

तिसरी गोष्ट म्हणजे रुग्णाला खरोखर तपासणं. स्क्रब टायफसमध्ये चिगर माइट चावते तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती बहुधा काखेत, जांघेत, स्तनाखाली अशा जागी असते. दुखत नाही, त्यामुळे रुग्ण सांगत नाही. डॉक्टरने बघितलं तरच दिसणार. २०१८ मध्ये नागपूर भागात या तापाची साथ आली होती, म्हणजे हे दूरदेशीचं प्रकरण नाही.

हे सगळं लंडनमध्ये बसून कसं शिकणार? म्हणून आता बरेच अभ्यासक्रम रुग्ण आहेत तिथेच चालतात. लंडनच्या शाळेचाच एक तीन महिन्यांचा डिप्लोमा टांझानियातल्या मोशी आणि युगांडातल्या कंपाला इथे होतो, आणि त्यात आफ्रिकेतले डॉक्टरही बरोबरीने बसतात. पेरूची राजधानी लिमा इथला गॉर्गस कोर्स नऊ आठवड्यांचा, त्यात वॉर्डात खाटेपाशी जाऊन शिकवतात. प्रवासी वैद्यकासाठी वेगळी आंतरराष्ट्रीय परीक्षाही आहे आणि ती नर्स, फार्मासिस्ट यांनाही देता येते. मला हे फार पटलं. परदेशात लस देण्याआधी तासभर चौकशी करणारी व्यक्ती बऱ्याचदा नर्सच असते.

आता आपल्याकडचं. आपले डॉक्टर डेंग्यू-मलेरिया इतके बघतात की परदेशी विद्यार्थ्यांनी इथे यावं. मुंबईत पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून आलेल्या माणसाला ताप असेल तर लेप्टो आठवतोच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतरची लेप्टोची साथ कोणी विसरलेलं नाही. आणि ज्ञान नेहमी लंडनहूनच येतं असंही नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं काम बघा. कोकणात विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं दगावायची. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, मृत्यू हृदयावरच्या ताणाने आणि फुप्फुसात पाणी साठल्याने होतो हे मांडलं आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरून जीव वाचवले. ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. साहेबांच्या शाळांनी मग हे महाडकडून शिकायचं.

आपली कमजोर बाजू वेगळी आहे. जे रोज दिसतं ते आपण चटकन ओळखतो, आणि म्हणून 'कुठे जाऊन आलात?' हा प्रश्न राहून जातो. हा प्रश्न विमानातून आलेल्यांपुरता नाही. माकडताप घ्या. १९५७ मध्ये तो कर्नाटकात शिमोग्याजवळ सापडला, २०१५ च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात पोचला. जंगलातल्या गोचिडींमुळे होतो, काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना जास्त धोका. असा माणूस ताप घेऊन मुंबईत नातेवाइकांकडे आला आणि कोणी विचारलंच नाही, तर तपासण्या डेंग्यूच्याच होत राहणार.

आणि गोळ्या-लसी लिहिणंही वाटतं तितकं सोपं नाही. मलेरियाची एक गोळी प्रवासाआधी दोन-तीन आठवडे सुरू करावी लागते आणि मानसिक आजाराचा इतिहास असेल तर ती टाळतात. दुसरी आदल्या दिवशी सुरू करून परतल्यावर सात दिवसांत संपते. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते, आणि 'आता घरी आलो की' म्हणून लोक ती मधेच सोडतात. यलो फीव्हरच्या लसीत जिवंत जंतू असतो, म्हणून प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती देत नाहीत, अंड्याची तीव्र अॅलर्जी विचारतात, साठीच्या पुढे जास्त विचार करतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघर आहे. म्हणूनच यलो फीव्हरच्या देशातून कार्डाशिवाय आलेल्या प्रवाशाला विलगीकरणात ठेवलं जातं.

परदेशात राहणाऱ्या श्रोत्यांसाठी एक खास. ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये सगळ्यात कमी जाणारे आणि आजारी जास्त पडणारे प्रवासी म्हणजे आजी-आजोबांना भेटायला मायदेशी येणारे. "आपलंच गाव, कसली लस?" ब्रिटनमध्ये सापडणाऱ्या टायफॉइडचे बहुतेक रुग्ण आपल्याच उपखंडातून जाऊन आलेले असतात. लीड्समध्ये जन्मलेल्या तुमच्या मुलाच्या पोटाला सांगलीची काही सवय नसते हो.

तर फोनच्या नोट्समध्ये एक ओळ ठेवा: कुठे गेलो, कधी गेलो, कधी परतलो. ताप आला आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ती वाचून दाखवा. पोहलात का, गोचीड चावली का, रानात झोपलात का, तेही. मलेरियाच्या भागातून आल्यावर पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप तसाच असला, तर १२ ते २४ तासांच्या अंतराने एकूण तीन वेळा रक्त तपासतात. तेव्हा "परत सुई कशाला?" म्हणून डॉक्टरांशी भांडू नका.

सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तातून कसं बनतं, ते पुढच्या एपिसोडमध्ये.