बहुसंख्य सारण्यांतून मार्ग कसा काढावा? : कुही तालुक्याच्या गावदप्तरावरून काही विचार

मोठ्या डेटाबेसमध्ये सारण्यांची, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण 'टेबले' म्हणतो त्यांची, संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. एकेक सारणी कशी रचावी याचे शास्त्र ई. एफ. कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानापासून पुष्कळ पुढे गेले आहे. परंतु अनेक सारण्यांतून हवी ती सारणी माणसास कशी सापडावी, हा प्रश्न बहुधा साधन बनविणाऱ्याच्या सोयीवर सोडला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्याच्या गावदप्तराच्या आधारे करावयाचा आहे.

१. यादी वाढली म्हणजे काय होते?

समजा, एका डेटाबेसमध्ये ६०० सारण्या आहेत व पडद्यावर एका वेळी ३० नावे मावतात. मग संपूर्ण यादी नजरेखालून घालण्यास २० पडदे उलटावे लागतील. निवडीचा वेळ पर्यायांच्या संख्येच्या नव्हे, तर तिच्या लॉगॅरिथमच्या प्रमाणात वाढतो, असे डब्ल्यू. ई. हिक यांच्या १९५२ सालच्या प्रयोगांवरून दिसून आले. मात्र त्या प्रयोगांतील पर्याय निवडणाऱ्यास आधीपासून परिचित होते. अपरिचित यादीत एकेक नाव वाचावे लागते, आणि श्रम यादीच्या लांबीबरोबर सरळ वाढत जातात. त्याच ६०० सारण्यांचे प्रत्येकी २४ चे २५ गट पाडले, तर वाचकास दोन आखूड याद्या वाचून इष्ट स्थळी पोहोचता येते. पण गटांची नावे त्याला कळली पाहिजेत, ही त्यातील अट होय.

२. गावदप्तराची शिकवण

महाराष्ट्रात प्रत्येक गावाचे महसुली दप्तर १ ते २१ या क्रमांकांच्या गाव नमुन्यांत व त्यांच्या पोटनमुन्यांत ठेवले जाते. नमुना ७ हा अधिकार अभिलेख, नमुना १२ ही पिकांची नोंदवही, नमुना ६ मध्ये फेरफार, ६-क मध्ये वारसांच्या नोंदी आणि ८-अ मध्ये खातेदाराची एकत्रित जमीन, अशी ही व्यवस्था आहे. संगणकाच्या भाषेत बोलावयाचे तर प्रत्येक नमुना ही एक सारणीच होय.

शेतकरी मात्र नमुन्याचे नाव घेत नाही. तो 'सातबारा' मागतो. सातबारा ही एक सारणी नसून ७ व १२ या दोन नमुन्यांना एका कागदावर आणणारी खिडकी आहे. तसेच सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक वाचकास नमुना ६ मधील नेमक्या नोंदीकडे नेतात. म्हणजे एका सारणीतून दुसरीत जाण्याचा दुवा कागदाच्या दप्तरातही होता. चांगल्या साधनात याच दोन गोष्टी हव्यात : वारंवार एकत्र लागणाऱ्या सारण्यांचे एकच दर्शन, आणि प्रत्येक नोंदीवरून संबंधित सारणीकडे जाणारी वाट.

३. स्थळाचा मार्ग व त्याची मर्यादा

महाभूलेख या संकेतस्थळावर क्रमाने जिल्हा, तालुका व गाव गाठावयाचे असते. त्यापुढे भूमापन क्रमांक किंवा नाव देता येते. नागपूर जिल्ह्यात तालुके १४. म्हणजे ती पायरी आखूड आहे. ज्यास आपले गाव ठाऊक आहे, त्यास हा मार्ग उत्तम होय.

परंतु कुहीसारख्या तालुक्यात गाव हेच नेहमी स्थिर नसते. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली, आणि त्याच्या जलाशयाखाली कुही तालुक्यातीलही गावे आली. अशा गावच्या वारसाला आजोबांची जमीन कागदावर शोधावयाची असेल, तर त्याच्या हाती पुष्कळदा जुन्या गावाचे नाव व एक 'खसरा क्रमांक' एवढेच असते. या भागात मध्यप्रांताच्या काळापासून 'पटवारी' व 'खसरा' हे शब्द रूढ आहेत. 'निस्तार पत्रक' व 'वाजिब-उल-अर्ज' यांस तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही स्थान आहे. साधन केवळ अधिकृत नावच ओळखत असेल, तर नोंद सुरक्षित असूनही त्या वारसाच्या दृष्टीने ती हरवलेलीच राहील. जुनी गावनावे व स्थानिक शब्द ही म्हणूनच शोधाची अंगे मानली पाहिजेत, शोभेची टीप नव्हे.

४. एकापेक्षा अधिक वाटा

येथे ग्रंथालयशास्त्राचे स्मरण होते. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य मानणाऱ्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. एका ग्रंथास एकाच खणात न बसविता त्याच्या विषयाचे अनेक पैलू पाडणे हे त्याचे तत्त्व. सारण्यांनाही ते लागू पडते. फेरफाराची सारणी 'हक्क' या विषयाखाली सापडावी, 'गाव' या स्थळाखाली सापडावी आणि 'वारस', 'खरेदी', 'भूसंपादन' या प्रसंगांखालीही सापडावी.

यावरून काही नियम काढता येतात. सारणीच्या नावाशेजारी एका ओळीत तिचा उपयोग लिहावा. सर्व नावे एकाच उपसर्गाने सुरू होत असतील, तर अरुंद रकान्यात नाव शेवटी तोडू नये. कारण भेद शेवटीच असतो. नुकत्याच उघडलेल्या सारण्या वेगळ्या दाखवाव्यात, पण मुख्य यादीचा क्रम हलवू नये. सवयीने हात जेथे जातो तेथेच वस्तू सापडली पाहिजे. आपण कोणत्या गावात, कोणत्या खात्यात आहोत, हे पडद्याच्या माथ्यावर सतत दिसावे.

अशा साधनाची परीक्षा सारण्यांच्या संख्येने घेऊ नये. खसरा क्रमांक व बुडालेल्या गावाचे नाव एवढेच घेऊन आलेला माणूस किती पायऱ्यांत आपल्या फेरफारापर्यंत पोहोचतो, हे मोजावे. तो मध्येच परत फिरला, तर दोष त्याच्या अज्ञानाचा नसून आपल्या मांडणीचा आहे, असे समजून रचना पुन्हा तपासणे इष्ट.