गुरं हटवली की पाणथळ वाचते?

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाच्या जरा खाली 1907 ते 1913 या काळात दगडी बंधारा बांधला गेला. आज गंगापूर आणि दारणा धरणांतून सुटलेलं पाणी इथे अडतं आणि कालव्यांतून शेतांकडे जातं. पाण्याची पातळी सतत वर-खाली होत राहिल्याने गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, उथळ दलदल झाली, पाणकणीस आणि लव्हाळा माजला आणि त्यांच्या आसऱ्याला पक्षी आले. जानेवारी 2020 मध्ये हे नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलं. मुळात शेतीला पाणी देण्यासाठी केलेल्या बांधकामातून ही पाणथळ जन्मली आणि तिच्या भोवताली आजही द्राक्षं, ऊस, कांदा आहे, काठाला गुरं आणि शेळ्या-मेंढ्या आहेत. त्यामुळे शेती आणि चराई इथल्या वनस्पतींचं काय करतात, याबद्दल प्रत्येकाचं काही ना काही ठाम मत असतं. त्यातली बरीच मतं तपासून घ्यायला हवीत.

गैरसमज : चराई बंद केली की पाणवनस्पती आपोआप सावरतात.

याचं उत्तर राजस्थानातल्या भरतपूरने फार मोठी किंमत मोजून दिलं आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पूरमैदानातली केवलादेवची पाणथळ 1981 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे चराईवर पूर्ण बंदी आली. आजूबाजूच्या गावांतल्या म्हशी पिढ्यान् पिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. गावकऱ्यांनी विरोध केला, नोव्हेंबर 1982 मध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसं मेली. या मृत्यूंचा उल्लेख टाळून पाणथळींच्या व्यवस्थापनाबद्दल बोलणं मला योग्य वाटत नाही.

मग पाण्यात काय झालं? पास्पॅलम डिस्टिकम नावाचं एक गवत आहे. ते ओल्या जमिनीवर वाढतं आणि उथळ पाण्यावरही पसरतं. म्हशी ते खात, तुडवत, त्यात लोळत; त्यामुळे त्याला आवर होता. म्हशी गेल्यावर हे गवत बेफाम वाढलं. मोकळं पाणी कमी झालं, पाण्याखालच्या आणि तरंगत्या वनस्पतींना जागा आणि उजेड मिळेना, माशांची आणि त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1980 ते 1990 या दशकात डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या दीर्घ अभ्यासात हा बदल नोंदला गेला. पुढे गवत काढण्यासाठी यंत्रं वापरावी लागली आणि गावकऱ्यांना ते कापून नेण्याची मुभा द्यावी लागली.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने यात आश्चर्य नाही. सुपीक, ओल्या गाळात एखादी जोमदार जात मोकाट सुटली की ती उंच वाढून बाकीच्यांचा उजेड अडवते. चरणारं जनावर त्या दांडगाईला कात्री लावतं, मग खालच्या बुटक्या जातींना श्वास मिळतो. अनेक पाणथळींत मध्यम चराईखाली वनस्पतींची विविधता बंदीपेक्षा जास्त आढळते, ती यामुळे.

गैरसमज : म्हणजे चराई कितीही झाली तरी चालते.

भरतपूरचा दाखला देऊन असं म्हणणारेही भेटतात. तेही खरं नाही. ओल्या गाळावर एकाच वाटेने रोज शेकडो खूर पडले की माती दबते, तिच्यातली हवेची जागा संपते आणि मुळं गुदमरतात. काठ ढासळतो. वाळुंज, उंबर, जांभूळ यांची रोपं वर येण्याआधीच खुडली जातात. थोरली झाडं उभी असल्याने नदीकाठ भरलेला दिसतो, पण त्यांच्यामागे पुढची पिढी नसते.

शिवाय जनावर निवडून खातं. ते जे खात नाही, त्याचंच रान माजतं. बेशरम हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. अमेरिका खंडातून आलेलं, जांभळट-गुलाबी फुलांचं हे झुडूप विषारी आहे. शेळ्यांनी ते सतत खाल्लं तर त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. गुरं भोवतालचं गवत फस्त करतात आणि बेशरम तसंच उभं राहतं. तुटलेली फांदी पाण्याबरोबर वाहत जाऊन जिथे टेकेल तिथे रुजते. विलायती बाभळीची गोष्ट याच्या उलट: तिच्या शेंगा जनावरं आवडीने खातात आणि बिया शेणावाटे नव्या जागी पोचवतात. शंकेश्वराची काटेरी फळं मेंढ्यांच्या लोकरीला चिकटून प्रवास करतात.

त्यामुळे ‘चराई हवी की नको’ असं विचारून उपयोग नाही. कोणतं जनावर, किती आणि कोणत्या महिन्यात, हे विचारावं लागतं. म्हैस पाण्यात शिरून गवत खाते, शेळी काठावरची कोवळी झुडपं ओरबाडते, मेंढी जमिनीलगत खुडते. पाणी ओसरून पहिला कोंब येतो तेव्हाची चराई आणि बी पडून गेल्यानंतरची चराई यांचे परिणाम वेगळे असतात.

गैरसमज : गाळपेर जमीन रिकामीच असते, पेरली तर बिघडलं काय?

धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, गहू, चारा, कलिंगड घेतलं जातं. हजारो कुटुंबांना त्याचा आधार आहे, यात अनेकदा धरणात जमीन गेलेले शेतकरीही असतात. ती कसू नये असं मी म्हणणार नाही. पण ती रिकामी नसते. गाळात बियांचा साठा असतो. पाणी हटून ऊन लागलं की माका, ब्राह्मी, लव्हाळ्याच्या अनेक जाती थोड्याच काळात उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि पाणी परत येण्याआधी आपलं चक्र पूर्ण करतात. नांगराने हे चक्र मध्येच तुटतं, कंद आणि खोडं उलटून वाळतात. एका हंगामाने फारसं बिघडत नाही; सलग अनेक वर्षं काठापर्यंत नांगर चालला तर साठ्यात नवं बी पडत नाही, जुनं संपत जातं आणि त्या जागी गाजरगवतासारखी तणं हक्क सांगतात. गाईने खाल्लेलं गवत मुळापासून पुन्हा फुटतं. नांगरलेल्या गवताला ती संधी राहत नाही. खुरापेक्षा नांगराचा घाव खोल जातो, असं मला वाटतं ते याच कारणाने.

गैरसमज : पाणी हिरवंगार आहे, म्हणजे पाणथळ निरोगी आहे.

हा समज मला सर्वांत घातक वाटतो, कारण यात बिघाडालाच आरोग्य समजलं जातं. शेताला दिलेला सगळा युरिया पीक घेत नाही. उरलेलं नत्र पाण्यात विरघळून वाहतं. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून पावसाच्या लोंढ्याबरोबर नदीत उतरतं. या खाद्यावर सूक्ष्म शैवाल वाढतं, पाणी हिरवं आणि गढूळ होतं, उजेड तळापर्यंत पोचत नाही. तळाशी वाढणाऱ्या हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती मग मरतात. वारकरी आणि लालसरी यांसारखे पक्षी मुख्यतः पाण्याखालच्या वनस्पतींवर पोट भरतात.

त्याच वाढीव खाद्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, फोफावते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत आपलं क्षेत्र दुप्पट करू शकते आणि तिचं बी गाळात 15-20 वर्षं जिवंत राहू शकतं. दरवर्षी यंत्र लावून ती उपसणं आवश्यक असलं, तरी खाद्य येत राहिलं तर ती परत येणारच. इथे शेतकऱ्यावर सगळा बोजा टाकणं मात्र अन्यायाचं होईल. गोदावरीत नाशिक शहराचं सांडपाणी येतं, भीमेवरच्या उजनी जलाशयात पुणे-पिंपरीचं; नत्र-स्फुरदाचा तो मोठा ओघ आहे. शहर स्वतःचं पाणी शुद्ध करत नाही तोवर गुराख्याला काठावरून हाकलण्याचा नैतिक अधिकार त्याला पोचत नाही.

गैरसमज : पाणकणीस म्हणजे तण, ते समूळ उपटावं.

पाणकणीस इथलंच आहे. ते गाळ धरतं, पाण्यातलं नत्र-स्फुरद शोषतं, पाणपक्ष्यांना घरट्याला आडोसा देतं. अति झालं तर ते विरळ करावं, आणि त्याला सोपा उपाय आहे: पाण्याच्या पातळीखाली कापावं. त्याच्या गाळातल्या खोडाला हवा पानांवाटे मिळते; कापलेली टोकं पाण्याखाली राहिली की ते खोड गुदमरतं. वरवर कापलं तर मात्र ते पुन्हा फुटून येतं.

नदीकाठी ज्यांची जमीन आहे त्यांना एक विनंती. येत्या हंगामात पाण्यालगतची काही पावलांची पट्टी नांगराविना सोडा. तिथलं गवत आणि झुडपं वाहून येणारी माती अडवतील, तिच्याबरोबरचं स्फुरद अडवतील आणि तुमचा बांधही धरतील. खताचा हप्ता माती तपासून द्या आणि जोराच्या पावसाच्या तोंडावर टाकू नका. आणि वनखात्याने, ग्रामपंचायतींनी चराईचे नियम ठरवताना म्हशीवाल्याला आणि धनगराला सोबत बसवावं. कोणतं गवत कोणत्या महिन्यात कुठे उगवतं, हे त्यांना ठाऊक असतं.