नव्या ट्रॅव्हल ट्रेलरचा भाव कसा ठरवावा

अमेरिकेत नव्या मोटारीच्या काचेवर जी किंमतपट्टी असते, ती कायद्याने लावावी लागते. मूळ किंमत, जादा सोयींचे पैसे, वाहतूक खर्च हे सगळं त्यावर छापलं पाहिजे असं १९५८चा कायदा सांगतो. गाडीमागे ओढून न्यायचा ट्रॅव्हल ट्रेलर मात्र या कायद्यात बसत नाही. म्हणून त्याच्यावर लिहिलेली एमएसआरपी, म्हणजे कारखान्याने सुचवलेली विक्रीची किंमत, पुढे घसघशीत सूट द्यायची आहे हे धरूनच ठरवलेली असते. ४२,००० डॉलरची पाटी आणि तिच्याखाली लाल अक्षरांत ‘आजचा भाव ३१,५००’ असं दिसलं, की साडेदहा हजार वाचले असं वाटतं. पण ४२,०००ला तो ट्रेलर सहसा कुणी घेतच नाही. २५ टक्के सूट ही इथे सुरुवात असते.

न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियातली मराठी कुटुंबं आता मुलांना घेऊन राष्ट्रीय उद्यानं पाहायला ट्रेलरने जायचा विचार करतात. त्यांतल्या अनेकांना घासाघीस उत्तम जमते. तरीही ती फसतात, कारण घासाघीस चुकीच्या आकड्यावर होते. या व्यवहारात भाव करायचा आकडा एकच: ‘आऊट-द-डोअर’ किंमत. सगळे खर्च, सगळ्या फिया, कर आणि नोंदणी धरून ट्रेलर डीलरच्या आवारातून बाहेर काढायला एकूण किती पैसे मोजावे लागतील, तो आकडा. बाकी कुठल्याही आकड्यावर तुम्ही जिंकलात तरी तो पैसा दुसऱ्या रकान्यातून परत काढून घेता येतो.

कसा, ते वरच्याच उदाहरणावर पाहू. ३१,५०० ठरले. मग कागदावर येतात वाहतुकीचे १,८००, ट्रेलर तयार करून देण्याचे ९९५, कागदपत्रांची फी ४९९, बॅटरी आणि पाण्याच्या-सांडपाण्याच्या नळ्यांचा ‘स्टार्टर किट’ ६००. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण रकाने नेहमीचेच. बेरीज झाली ३५,३९४. एमएसआरपीवर २५ टक्के सूट होती ती १६ टक्क्यांच्याही खाली आली, आणि कर अजून लागायचाच आहे. यातला वाहतूक खर्च खरा असतो, पण तो एमएसआरपीत धरला आहे की वरून लावला आहे हे आधी विचारा. नळ्या बाहेर स्वस्तात मिळतात. कागदपत्रांच्या फीवर काही राज्यांत कायद्याने मर्यादा आहे, बाकीच्या राज्यांत डीलर म्हणेल तेवढी. ‘ही फी आम्ही सगळ्यांनाच लावतो, ती काढता येत नाही’ असं सेल्समन सांगेल. त्याच्याशी फीवरून वाद घालू नका. ‘फी राहू दे, ट्रेलरची किंमत तेवढी खाली आणा, शेवटचा आकडा माझा हा’ एवढंच म्हणा. एकूण रकमेवर बोलण्याचा फायदा हाच, की कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते त्याने ठरवावं.

अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट शहरात आणि त्याच्या आसपासच्या गावांत बनतात. बाजारावर मुख्यतः तीन समूहांचं वर्चस्व आहे: थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो. जेको, कीस्टोन, एअरस्ट्रीम ही नावं थॉरची; ग्रँड डिझाइन विनेबेगोचं. याचा गिऱ्हाइकाला उपयोग असा, की तुम्हाला आवडलेलं मॉडेल, तोच नकाशा, त्याच सोयी, देशभरातल्या कितीतरी डीलरांकडे उभं असतं. आरव्ही ट्रेडरसारख्या संकेतस्थळावर मॉडेलचा क्रमांक टाकून देशभरातले भाव शोधा. इंडियाना, मिशिगन, ओहायोतले भाव बरेचदा खाली दिसतात, कारण कारखाना जवळ असल्याने वाहतूक कमी लागते. ओरेगन किंवा कॅलिफोर्नियात तोच ट्रेलर महाग असणं स्वाभाविक आहे.

डीलर ट्रेलर विकत घेतो तेही कर्ज काढून. आवारात उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक ट्रेलरवर त्याचं व्याज चालू असतं. ठरावीक महिने उलटून गेले आणि माल विकला गेला नाही, तर वित्तसंस्था त्याच्याकडे मुद्दलातलाही काही भाग मागू लागते. म्हणून जुना माल डीलरला नकोसा होतो. त्यात पुढच्या वर्षाची मॉडेलं उन्हाळ्यापासूनच यायला लागतात. नवीन मॉडेल शेजारी येऊन उभं राहिलं, की आधीच्या वर्षाचा ट्रेलर एक दिवसही वापरलेला नसला तरी जुना ठरतो. शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत, विशेषतः बर्फाच्या राज्यांत, भाव खाली येतात ते यामुळे. मार्च-एप्रिलमध्ये हवा उघडली, की गिऱ्हाइकं येतात आणि डीलरची घाई संपते.

कुठला ट्रेलर किती दिवस उभा आहे, हे सेल्समनला विचारावं लागत नाही. ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पुढच्या अर्ध्या भागात, कायद्याने लावलेलं एक लेबल असतं. त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष, कमाल वजन, टायरचा आकार आणि सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, असतो. व्हीआयएनचं दहावं अक्षर मॉडेल-वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. मग खाली वाकून टायरची कड पाहा. डीओटी या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. ३८२४ असेल तर टायर २०२४च्या अडतिसाव्या आठवड्यातला. लेबलावरचा महिना वर्षभरापूर्वीचा निघाला, तर तुमच्या हातात एक चांगला मुद्दा आला. लेबलाचा फोटो काढून ठेवा.

पण भावाच्या आधी वजन. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे, तरी दोन ओळी इथे हव्यातच, कारण तुमच्या गाडीला न झेपणारा ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी महागच. माहितीपत्रकात ठळक छापलेलं ‘ड्राय वेट’ विसरा. त्यात पाणी, सामान, माणसांचे कपडे काही नसतं. चाळीस गॅलनची टाकी भरली की पाण्याचेच ३३० पौंडांहून जास्त होतात. लेबलावरचं कमाल वजन धरा, त्याचे १० ते १५ टक्के गाडीच्या हुकावर येतात असं समजा, आणि ते तुमच्या गाडीच्या चालकाच्या दारातल्या पट्टीवर लिहिलेल्या पेलोडमध्ये, म्हणजे गाडी पेलू शकते त्या वजनात, घरातली सगळी माणसं आणि सामान धरून, बसतं का ते पाहा. हे ‘होईल हो, ओढेल तुमची गाडी’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या भरवशावर सोडू नका.

आता भाव काढायचा. हे काम घरी बसून, ईमेलवर करावं असं माझं ठाम मत आहे. डीलरच्या ऑफिसात मुलं कंटाळलेली असतात, बायकोला किंवा नवऱ्याला ट्रेलरचं स्वयंपाकघर आवडलेलं असतं, आणि समोरचा माणूस रोज हेच करतो. ईमेलवर तुम्ही दोघं सारखे. चार-पाच तासांच्या अंतरातले पाच-सहा डीलर निवडा आणि प्रत्येकाला एकच मजकूर पाठवा: अमुक मॉडेल, अमुक स्टॉक नंबर, माझा झिप कोड हा, जुना ट्रेलर देणार नाही, कर्ज स्वतः आणेन, सगळ्या फिया आणि कर धरून ओळवार आऊट-द-डोअर आकडा लेखी कळवा. काही जण उत्तर देणार नाहीत. काही जण ‘एकदा येऊन तर बघा, मग बोलू’ म्हणतील. त्यांना पुन्हा एकदा तेवढंच विचारा आणि सोडून द्या. दोन-तीन जण आकडा देतील, आणि तेवढे पुरतात.

किती मागावं? नेहमीच्या लाकडी किंवा ॲल्युमिनियम सांगाड्याच्या ट्रेलरवर फिया धरून, कर सोडून, एमएसआरपीच्या २५ ते ३० टक्के खाली आलात तर व्यवहार चांगला. मागच्या वर्षाचं मॉडेल असेल तर त्याहूनही खाली. ४२,०००च्या ट्रेलरला मी कर सोडून २८,०००ने सुरुवात करेन आणि २९,४००च्या आसपास थांबायची तयारी ठेवेन. एअरस्ट्रीमला हा हिशेब लागू नाही. तिथे सूट फारच कमी मिळते. आणि काळही बघावा लागतो. कोविडनंतर लोक ट्रेलरवर तुटून पडले, २०२१ मध्ये कारखान्यांतून विक्रमी सहा लाख आरव्ही (ट्रेलर आणि मोटरहोम मिळून) बाहेर पडल्या आणि डीलर पाटीवरची किंमत वसूल करू शकले. २०२३ मध्ये तो आकडा साधारण तीन लाख तेरा हजारांवर आला. तेजीत ट्रेलर घेतलेल्या कितीतरी लोकांवर पुढे ट्रेलरच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज शिल्लक राहिलं. ट्रेलरची किंमत पहिल्या वर्षी झपाट्याने उतरते, म्हणून सुरुवातीला वाचवलेला पैसा महत्त्वाचा.

सगळ्यांत खालचा आकडा मिळाला की तो घेऊन तुमच्या जवळच्या डीलरकडे जा. इथे मात्र शेवटच्या शंभर डॉलरसाठी ताणू नका. नव्या ट्रेलरमध्ये दुरुस्तीची कामं निघतातच: दरवाजा घासतो, छताची सीलंट सुटते, स्लाइड, म्हणजे बाहेर सरकून जागा वाढवणारा भाग, अडकते. कारखान्याची हमी बहुतेक एक वर्षाची, आणि ती कामं करतो डीलर. दुसरीकडून घेतलेल्या ट्रेलरला काही डीलर रांगेत शेवटी ठेवतात, काही घेतच नाहीत. अर्ध्या तासावरच्या चांगल्या वर्कशॉपसाठी पाच-सातशे डॉलर जास्त द्यायला मी तयार असेन, तीन हजार मात्र नाही. पेनसिल्वेनियातल्या हर्शीला सप्टेंबरमध्ये किंवा फ्लोरिडातल्या टॅम्पाला जानेवारीत जी मोठी प्रदर्शनं भरतात, तिथे शेकडो मॉडेलं एका दिवसात आतून पाहता येतात. त्यासाठी जरूर जा. ‘हा भाव आजच्यापुरता’ असं ऐकलं की घरी येऊन तोच आकडा ईमेलवर मागा.

जुना ट्रेलर द्यायचा असेल तर त्याची गोष्ट नव्याचा आकडा लेखी मिळाल्यावर काढा. जे. डी. पॉवरच्या मार्गदर्शिकेत त्याची साधारण किंमत मिळते. इथे एक हिशेब लक्षात ठेवा: बऱ्याच राज्यांत जुन्याची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर विक्रीकर लागतो. न्यू जर्सीचा कर ६.६२५ टक्के, म्हणजे १०,०००च्या जुन्या ट्रेलरवर ६६२ डॉलर वाचतात. स्वतः बाहेर विकलात तर किमान तेवढे जास्त मिळायला हवेत.

भाव ठरला की तुम्हाला दुसऱ्या खोलीत, फायनान्स ऑफिसात नेतात. ट्रेलरच्या किमतीत सोडलेला पैसा डीलर बरेचदा इथे भरून काढतो. पहिला प्रश्न असतो, ‘महिन्याला किती परवडेल?’ याचं उत्तर देऊच नका. ३०,००० डॉलर ९ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३८० येतो. पंधरा वर्षांसाठी घेतले तर ३०४. महिन्याला ७६ डॉलर कमी झाले म्हणून माणूस खूश होतो आणि शेवटी नऊ हजारांहून अधिक जादा व्याज भरतो. शिवाय बँकेने दिलेल्या दरावर डीलर आपला एखादा टक्का चढवू शकतो. म्हणून आधीच एखाद्या क्रेडिट युनियनकडून कर्जमंजुरी आणा. डीलरने त्याहून कमी दर दिला तर घ्या, मुदतीआधी फेडल्यास दंड नाही एवढं वाचून. व्याजावर आयकरात सवलत मिळते असंही तिथे सांगतील. झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेला ट्रेलर दुसरं घर मानला जाऊ शकतो, हे खरं. पण ती सवलत वजावटी एकेक करून मांडणाऱ्यालाच मिळते, आणि बहुतेक कुटुंबं प्रमाणित वजावट घेतात.

मग वाढीव वॉरंटी, रंगाचं आणि कापडाचं संरक्षण, टायर-चाकांचा विमा. यातलं काहीही त्या दिवशी घ्यायची सक्ती नसते. वाढीव वॉरंटी हवीच असेल तर करार घरी आणा, काय वगळलं आहे ते वाचा, बाहेर भाव विचारा. ईमेलवर ठरलेला आकडा आणि समोरचा कागद ओळीओळीने ताडून पाहा. एखादी नवी ओळ दिसली तर पेन खाली ठेवा. तीन दिवसांत करार रद्द करता येतो असा समज खूप पसरलेला आहे. डीलरच्या स्वतःच्या दुकानात केलेल्या खरेदीला तो केंद्रीय नियम लागू होत नाही. सही झाली की ट्रेलर तुमचा.

म्हणून तपासणी सहीच्या आणि उरलेल्या पैशांच्या आधी. डिपॉझिट द्यायचं तर ते परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या. त्या दिवशी तीन-चार तास मोकळे ठेवा. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला सांगा, कारण तो गार व्हायला वेळ लागतो. प्रत्येक नळ सोडा आणि सिंकखाली हात घालून ओल आहे का पाहा. गिझर, भट्टी, एसी, शेगडी चालवा. स्लाइड पूर्ण बाहेर काढून आत घ्या. शिडीने वर जाऊन छताचे सांधे पाहा. हे जमणार नसेल तर एनआरव्हीआयए या आरव्ही तपासनिसांच्या राष्ट्रीय संघटनेचा प्रमाणित तपासनीस पैसे देऊन आणता येतो. जे निघेल ते सहीच्या आधी दुरुस्त करून मागा. सुटा भाग मागवावा लागणार असेल तर काम, तारीख आणि खर्च डीलरचा हे त्याच्या सहीने लेखी घ्या. आणि पहिली रात्र वर्कशॉपपासून जवळच्याच कॅम्पग्राउंडवर काढा, पाणी-वीज जोडून, सगळं वापरून. काही बिघडलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर वर्कशॉपच्या दारात उभा करता येतो.