तिथी पाहून ऐकायचं गाणं

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारा नावाचा खडकाळ मुलूख आहे. तिथल्या जुन्या वळणाच्या गाण्याला वाद्य लागत नाही की साथीला दुसरा आवाज लागत नाही. एकच माणूस, बहुधा डोळे मिटून, गातो. गाणं रंगात आलं की ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी पुढे सरकतो, गाणाऱ्याचा हात हातात घेतो आणि लयीत गोल गोल फिरवू लागतो. गाणारा गात राहतो, हात फिरत राहतो. आपल्याकडच्या एखाद्या आजीला हे दाखवलं तर ती पहिलं हेच विचारेल, की यांचं जातं कुठं गेलं?

एका खुंट्याला दोघींचे हात, समोरासमोर पसरलेले पाय, मधेच एकीनं घातलेली मूठभर वैरण आणि पहाटेच्या अंधारात निघालेली ओवी. बुलडाण्यात, वऱ्हाडात, सगळ्या महाराष्ट्रात हे शतकानुशतकं चालत आलं. कॉनेमाऱ्याशी त्याचं नातं लावायच्या भानगडीत पडू नये, ते नाहीच. पण दोन्हीकडच्या रसिकापुढे आज अडचण एकच आहे: हे गाणं ऐकायला मिळणार कुठे?

मोबाइलवर 'सेल्टिक संगीत' असं शोधून पाहा. समुद्राच्या लाटा, बासरीची मंद फुंक आणि झोप यावी म्हणून केलेले तास-तासभराचे तुकडे समोर येतात. 'मराठी लोकगीतं' शोधा, तर ढोलकीचा ठेका कमी आणि डीजेचा दणका जास्त. दोष शोधणाऱ्याचा नाही. हे दुकानावरच्या पाट्यांसारखे ढोबळ शब्द आहेत. त्यांच्या मागे नेमकं कुठलं गाव, कुठली गाणारी, कुठला प्रसंग, काहीच कळत नाही. आणि पारंपरिक गाणं नेमकं या तीन गोष्टींनीच सापडतं. 'सेल्टिक' ऐवजी 'जो हीनी' हे नाव टाकून बघा. कॉनेमाऱ्यातल्या कार्ना गावी १९१९ साली जन्मलेला हा गवई न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीच्या दारावर दरवानाची नोकरी करत होता, आणि पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यानं हेच गाणं शिकवलं. त्याच्या आवाजातला एक स्वर दुसऱ्याकडे जाताना वाटेत किती वळणं घेतो ते ऐका. आपल्या कानाला ती वळणं अजिबात परकी वाटत नाहीत. मागे तंबोरा नाही याचंच काय ते नवल वाटतं.

आता आपल्या जात्याकडे. घरोघरचं जातं बंद पडलं ते गिरणी आली तेव्हा, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी एकदा तासभर दळून पाहावं. बायकांची त्या कष्टातून सुटका झाली हे उत्तमच झालं. पण त्या कष्टाला बांधलेलं गाणं त्याबरोबर उघड्यावर पडलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ या दोघांनी ते गोळा करायचं मनावर घेतलं. खेडोपाडी जाऊन, बायांकडून म्हणवून घेऊन, एकेक ओवी लिहून काढली. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या आणि लाखाहून अधिक ओव्या. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणक-अभ्यासक त्यात आले आणि त्यांनी सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण केलं. 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर २०१७ पासून हा खजिना टप्प्याटप्प्यानं उलगडतो आहे; घरबसल्या, फुकट. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव, गाव, तालुका आणि विषय दिलेला असतो. राम-सीता आहेत, विठोबा आहे, भाऊ आणि माहेर आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत.

त्यातली एखादी ओवी आधी वाचा आणि मग ऐका, हे मुद्दाम सांगतो. कागदावर दोन ओळी. वाचायला दहा सेकंद पुरे. गाताना मात्र पहिली बाई अर्धीच ओळ म्हणते, तोच तुकडा पुन्हा घेते, मधे 'बाई' घालते, 'गं' घालते, 'सांगते तुला' घालते. तोवर दुसरी मागून तो तुकडा उचलते. जात्याची पाळू फिरत असते, तिला थांबायची घाई नसते. दोन ओळींचं बघता बघता लांबलचक गाणं होतं. छापलेल्या ओवीसंग्रहांत यातलं काही उतरत नाही, कारण ही सगळी 'भर' लिहिणाऱ्यानं गाळलेली असते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये केवढा ठेवा जपला, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या ग्रंथांत केवढा जपला! पण ओवीचं शरीर आवाजात आहे, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

गाणी गोळा करणारी माणसं कुठून कुठून येतात, ही यातली सगळ्यात गमतीची गोष्ट. आयरिश धुनांचा सर्वांत गाजलेला संग्रह कुणी केला? अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या पोलीसप्रमुखानं. फ्रान्सिस ओनील मूळचा आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला. १९०१ ते १९०५ या काळात शिकागोचा पोलीसप्रमुख. देशोधडीला लागलेले आयरिश वादक त्या शहरात जिथे सापडतील तिथे तो त्यांना गाठायचा, त्यातल्या काहींना पोलिसांत भरतीही करून घ्यायचा. त्याला धुना शेकड्यांनी पाठ, पण स्वरलिपी लिहिता येत नव्हती. ते काम त्याच्याच खात्यातला, त्याच आडनावाचा पण नात्यातला नसलेला जेम्स ओनील करायचा. १९०३ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्यात १,८५० धुना होत्या. आज आयर्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या पबमध्ये बसून वाजवणाऱ्यांचंही गाडं एखाद्या धुनेवर अडलं तर ते त्याच पुस्तकाकडे वळतात. गावातलं गाणं परदेशी गेलं, पोलीस ठाण्यातून फिरलं आणि छापून गावात परत आलं.

बुलडाणा जिल्ह्यातलं गाणं ऐकायचं तर आधी दिनदर्शिका भिंतीवरून खाली काढावी. आपल्याकडे गाण्यांचे जलसे भरत नाहीत, तिथ्या भरतात.

श्रावण अमावास्येला पोळा. तोरणाखाली सजवलेल्या बैलांच्या रांगा लागतात आणि झडत्या सुरू होतात. एक जण पुढे येऊन खड्या आवाजात चार-सहा ओळी फेकतो, शेवटी महादेवाचा गजर होतो, वाजंत्री वाजते की लगेच दुसऱ्या गटातून उत्तर. याला गाणं म्हणायचं की म्हणणं, यावर वाद घालता येईल. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की झडत्या जुन्याही असतात आणि त्याच सकाळी रचलेल्याही. कापसाचा भाव, पावसानं दिलेला दगा, सावकार, पुढारी, कुणाची गय नाही. परंपरा म्हणजे जुनं जसंच्या तसं राखणं, असं ज्याला वाटतं त्यानं तोरणाखाली अर्धा तास उभं राहावं.

मग भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई. भुलोजी आणि भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, मातीच्या रंगवलेल्या मूर्तींच्या रूपात घरी येतात. ज्वारीच्या धांड्यांचा मखर होतो. संध्याकाळ झाली की मुली टिपऱ्या घेऊन घरोघर. गाण्यांत सासर आणि माहेर, खाष्ट सासू, आगाऊ नणंद, न्यायला न आलेला भाऊ. मधेच अर्थाला सोडचिठ्ठी दिलेल्या, नुसत्या नादासाठी जुळवलेल्या ओळी. चाल दोन-तीन स्वरांत फिरते, म्हणून चार वर्षांची पोरही पहिल्याच दिवशी सामील होते. शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, 'ओला की सुका' विचारायचं. पश्चिम महाराष्ट्रातल्या भोंडल्याची ही बहीण. गाणी काही तीच, काही निराळी, आणि बोली मात्र अस्सल इथली. यूट्यूबवर भुलाबाईची चकचकीत ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत, कीबोर्ड लावलेली. ती वगळा. कुणीतरी अंगणात मोबाइल धरून टिपलेलं, मधे कुत्रं भुंकणारं असं एखादं सापडलं तर ते ऐका.

होळीला लोणार, मेहकरकडच्या बंजारा तांड्यांवर लेंगी गाणी असतात: फेर धरून, वाद्याच्या ठेक्यावर, त्यांच्या गोरबोलीत. आणि आषाढी करून शेगावची पालखी परतते तेव्हा खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा. गजानन महाराजांची पालखी १९६८ पासून पायी पंढरपूरला जाते. परतीच्या त्या एका दिवसात रस्त्यावर जेवढे टाळ एका वेळी वाजतात तेवढे मी तरी दुसरीकडे ऐकलेले नाहीत. दिंडीच्या मधोमध न चालता कडेनं चालावं, म्हणजे एका दिंडीचा अभंग विरत असताना मागून दुसरीचा चढत येताना कानावर येतो.

मोठं गाव सोडलं की खंजिरी भेटते. तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजन विदर्भाच्या गावागावांत पोहोचवलं. त्यांच्याच गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला ती आजही असते. आयर्लंडमध्ये तिचं मोठं भावंड आहे, बोधरान. लाकडी कडं, त्यावर बकरीचं कातडं, लहानशा दांडीनं वाजवायचं. आज त्याच्याशिवाय आयरिश मैफल कल्पवत नाही, पण ते मैफलीत स्थिरावलं ते १९६० च्या दशकात, शॉन ओ रिआडा या संगीतकारामुळे. त्याआधी ते मुख्यतः नाताळच्या दुसऱ्या दिवशी बाहेर निघायचं: सोंगं घेतलेली पोरं ते बडवत दारोदार फिरायची आणि पैसे मागायची. काही अभ्यासकांच्या मते तर ते मुळात धान्य पाखडायचं कातडी सूपच होतं. जातं काय, सूप काय, घरातल्या धान्याशी गाण्याचा काही जुना सौदा झालेला दिसतो.

दोन्ही मुलखांना जोडणारा एक खराखुरा माणूसही आहे. जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन, जन्म १८५१, डब्लिन परगणा. ब्रिटिश सरकारच्या नोकरीत येऊन त्यांनी भारतीय भाषांची पाहणी केली. तिचा सातवा खंड मराठीचा, १९०५ सालचा, आणि त्यात आपल्या वऱ्हाडीलाही जागा आहे. हे पुष्कळांना माहीत असतं. कमी माहीत असतं ते हे, की याच ग्रियर्सननी बिहारातली लोकगीतं आणि गोपीचंदाची गाथा लोकांच्या तोंडून लिहून घेऊन छापली. राज्य सोडून जोगी झालेला तोच गोपीचंद आपल्याकडे नाथजोगी किंगरीवर गात आले. पाहणीसाठी देशभरातल्या बोलींची ग्रामोफोनवर मुद्रणंही झाली. शिकागो विद्यापीठानं ती महाजालावर मोकळी ठेवली आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे ते खरखरते आवाज एकदा ऐकून पाहावेत. कथा सांगता सांगता कुणी गाऊही लागतं.

आयर्लंडनं पुढे हे काम पोरांवर सोपवलं. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, गाणी, औषधं, भुतंखेतं, सगळं वह्यांत उतरवलं. त्या वह्या आता महाजालावर पानन् पान वाचता येतात, मुलाच्या अक्षरासकट. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना कोजागरीच्या आधी असा गृहपाठ द्यायला खर्च काही येणार नाही.

आयरिश धून कानाला जड जाईल अशी कुणाला शंका असेल, तर तिला एक उतारा आहे. मुत्तुस्वामी दीक्षितर १७७५ साली तिरुवारूरला जन्मले, ते गाव तंजावरच्या मराठ्यांच्या मुलखातलं. इंग्रजांच्या बँडवर वाजणाऱ्या धुना त्यांनी ऐकल्या आणि त्यांतल्या काहींवर संस्कृत स्तोत्रं बांधली. 'वंदे मीनाक्षी' ही त्यांतली एक. तिची चाल आहे 'रेक्स ऑफ मॅलो' या आयरिश गाण्याची. मॅलो हे ओनीलच्याच कॉर्क परगण्यातलं गाव. दोन्ही एकापाठोपाठ लावा. दोन ओळींत ओळख पटते. कर्नाटक संगीत शिकायला बसवलेली लहान मुलं आजही ती मीनाक्षी देवीची म्हणूनच शिकतात.