डेमॉनिक रेझरेक्शन

मुंबईतील हेवी मेटल संगीतप्रकाराचा एक प्रमुख वाद्यवृंद. स्थापना २०००. नावाचा शब्दशः अर्थ ‘आसुरी पुनरुत्थान’. गायक व गिटारवादक साहिल मखिजा हे त्याचे संस्थापक असून रंगमंचावर ते ‘डेमनस्टीलर’ या नावाने ओळखले जातात. वाद्यवृंदाची गीते प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. भारतीय मेटल संगीताला यूरोपीय महोत्सवांच्या व्यासपीठावर नेणाऱ्या पहिल्या काही वाद्यवृंदांत त्याची गणना होते.

हेवी मेटल हा रॉक संगीताचा एक उग्र आविष्कार होय. त्याचा उगम ब्रिटनमधील औद्योगिक नगरांत झाला. बर्मिंगहॅम येथील ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली होती. तारांवरील ताण कमी व्हावा म्हणून तो पुढे त्या सैल लावू लागला आणि त्यातून निर्माण झालेला खर्जातील जड नाद या संगीताची खूण ठरला. वेल्समध्येही ही परंपरा रुजली. कार्डिफ येथे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘बजी’ या वाद्यवृंदाची गीते पुढे ‘मेटॅलिका’ या विख्यात अमेरिकन वाद्यवृंदाने गाइली.

डेमॉनिक रेझरेक्शनचे संगीत या प्रकाराच्या उत्तरकालीन, अधिक तीव्र शाखांमध्ये मोडते. विद्युत गिटारचा नाद विवर्धकाच्या साहाय्याने मुद्दाम खरखरीत केलेला असतो. पायाने वाजविण्याच्या दोन पडघमांवर अतिद्रुत लयीत आघात होतात. गायन काही ठिकाणी स्वच्छ व सुरेल, तर बहुतांश ठिकाणी घशातून काढलेल्या घोगऱ्या आवाजात असते. कीबोर्डवरील भरदार स्वरसंगतीमुळे या गदारोळास पाश्चात्त्य वृंदसंगीताची भव्यता येते. अपरिचित श्रोत्यास हा निव्वळ गोंगाट वाटण्याचा संभव असतो. परंतु त्यातील लयीचे बदल काटेकोरपणे बांधलेले असून ते वाजविण्यास दीर्घ रियाज लागतो.

या वाद्यवृंदाच्या वाटचालीत संगीताइतकाच साधनांचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव भरत असे आणि धोबी तलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह रॉकप्रेमींचे माहेरघर बनले होते. ध्वनिप्रदूषणविषयक नियम २००० मध्ये लागू झाले व रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांभोवतालचा १०० मी.पर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र मानला जाऊ लागला. त्यामुळे रंगभवनातील मैफली बंद पडल्या. रुग्णांच्या दृष्टीने नियम रास्तच होता. मात्र तितक्या सोयीचे दुसरे व्यासपीठ नव्या वादकांना मिळाले नाही. जुहू येथील ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’सारख्या उपाहारगृहांत त्यांना आसरा शोधावा लागला. हिंदी चित्रपटसंगीतावर पोसलेल्या ध्वनिमुद्रिका-व्यवसायास या संगीतात फारसे स्वारस्य नव्हते.

ही उणीव मखिजा यांनी स्वतःच भरून काढण्याचा प्रयत्न केला. डेमनस्टीलर (२०००) या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर त्यांनी ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही प्रकाशनसंस्था काढली, अन्य भारतीय वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या आणि ‘रेझरेक्शन’ नावाचे मेटल संगीताचे महोत्सव भरविले. ए डार्कनेस डिसेन्ड्‌स (२००५), बियाँड द डार्कनेस (२००७) व द रिटर्न टू डार्कनेस (२०१०) या तीन ध्वनिमुद्रिकांची मिळून अंधकारविषयक त्रयी होते. तिसरी ध्वनिमुद्रिका ‘कँडललाइट’ या ब्रिटिश संस्थेने परदेशातही वितरित केली. त्याच वर्षी नॉर्वेतील ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाद्यवृंदाने कला सादर केली आणि ब्रिटनमधील मेटल हॅमर या नियतकालिकाच्या ‘गोल्डन गॉड्स’ पारितोषिकांपैकी ‘ग्लोबल मेटल’ हे पारितोषिक त्यास लाभले. पुढे द डीमन किंग (२०१४) ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली.

२०१७ मधील दशावतार ही ध्वनिमुद्रिका विषयाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूच्या दहा अवतारांवर तीत एकेक गीत आहे. यूरोपातील, विशेषतः नॉर्वेतील मेटल वाद्यवृंदांनी आपल्या प्राचीन दैवतकथांचा आधार घेतला होता. त्याच न्यायाने येथे पुराणकथांचा आश्रय घेतलेला दिसतो. कोकणातील दशावतारी खेळांशी या कृतीचा संबंध केवळ कथाबीजापुरता आहे. तथापि संहार आणि पुनर्निर्मिती यांचे कथानक या उग्र संगीतास स्वाभाविकपणे मानवते.

समकालीन वेल्श वाद्यवृंदाशी तुलना केल्यास या वाटचालीचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. ब्रिजेंड या लहान गावात १९९८ मध्ये निर्माण झालेल्या ‘बुलेट फॉर माय व्हॅलेंटाइन’ या वाद्यवृंदाची द पॉयझन ही पहिली पूर्ण ध्वनिमुद्रिका २००५ मध्ये निघाली आणि २०१० मधील फीव्हर अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ सूचीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचली. त्यालाही आरंभी अपयश व नावबदल सोसावा लागला. परंतु मैफलींच्या जागा, संगीतविषयक नियतकालिके आणि प्रकाशनसंस्था यांची घडी ब्रिटनमध्ये आधीच बसलेली होती. मुंबईच्या वादकांना वादनाबरोबर ही घडीही बसवावी लागली. तिच्यातून उपजीविकेपुरते उत्पन्न क्वचितच मिळे. वाद्यवृंदातील सहकारी वेळोवेळी बदलत गेले. मखिजा मात्र त्याच्या केंद्रस्थानी कायम राहिले. ‘हेडबँगर्स किचन’ या पाककृतिविषयक चित्रफितींच्या मालिकेमुळे ते संगीताशी अपरिचित असलेल्या प्रेक्षकांतही प्रसिद्धीस आले.

डेमॉनिक रेझरेक्शनचे श्रेय म्हणूनच केवळ परदेशी पारितोषिकात शोधणे अपुरे ठरेल. लोकाश्रय मर्यादित आणि व्यापारी पाठबळ जवळजवळ नसताना एखादा संगीतप्रकार परक्या भूमीत कसा रुजतो, याचे हा वाद्यवृंद एक बोलके उदाहरण होय.